राखीव गुणिले अर्धा

एखाद्या माणसाला सगळे 'भरवशाचा' म्हणायला लागले, की समजावं, त्याला काही द्यायचं कुणाच्याच मनात नाही. ज्याला द्यायचं असतं त्याला 'जबरदस्त' म्हणतात, त्याच्या नावाचे बूट काढतात. भरवशाच्या माणसाच्या वाट्याला नुसता भरवसा येतो, तोही दुसऱ्यांनी त्याच्यावर टाकलेला. रूफस टिलमन अकरा वर्षं हेरन्सकडून बास्केटबॉल खेळला आणि अकरा वर्षं भरवशाचाच राहिला. टीव्हीवरच्या टायवाल्या पंडितांना त्याच्याबद्दल एकच वाक्य यायचं, "टिलमन, नेहमीप्रमाणे भरवशाचा," आणि ते संपायच्या आत पिझ्झ्याची जाहिरात लागायची.

उपासना रामटेकेला या वाक्याची भयंकर चीड होती. ती हेरन्सच्या शॉमबर्गजवळच्या ऑफिसात व्हिडिओ विभागात कामाला होती. प्रत्येक मॅच दहा-दहा वेळा बघायची, तिचे तुकडे पाडायचे, ते कोचना द्यायचे. नागपूरहून निघून ॲन आर्बरला स्टॅटिस्टिक्समध्ये डॉक्टरेट केलेल्या बाईला हे काम! पण व्हिसावरचा माणूस कामाला नावं ठेवत नाही. शिवाय तिला ते आवडायचंही. दहा वेळा बघितलं, की खेळतंय कोण आणि नुसतं दिसतंय कोण, हे आपोआप कळायला लागतं.

दिसायचा तो डँटे क्रॉस, टीमचा राजा. डँटे बॉल घेऊन सुसाट निघाला, की विरुद्ध टीमचा एखादा रेडा त्याच्या मागे लागायचा. मग रूफस त्या रेड्याच्या वाटेत येऊन खांबासारखा उभा राहायचा. हलायचं नाही, हात पसरायचे नाहीत, नाहीतर फाउल. तो मागचा माणूस थाडकन त्याच्या छातीवर आपटायचा, डँटे मोकळा सुटायचा, बॉल जाळीत पडायचा, आणि अठरा हजार माणसं डँटेच्या नावाने घसा फोडायची. आयत्या बिळावर नागोबा! रूफस छाती चोळत आपल्या जागेवर परत जायचा. या असल्या उभं राहण्याला 'स्क्रीन' म्हणतात. स्क्रीन लावणाऱ्याच्या नावावर एक पॉइंटसुद्धा लागत नाही.

त्यात तो सुरुवातीच्या पाचांत नसायचा. तो सहावा, बाकावरून उठून येणारा. मात्र शेवटच्या पाच मिनिटांत, भल्याभल्यांचे हात कापायला लागतात तेव्हा, कोच हॅनिगन न चुकता त्यालाच आत पाठवायचा. समोर त्या वेळी विरुद्ध टीमचे सगळ्यात तगडे पाच असायचे. हे उपासनाला दिसायचं, हॅनिगनला दिसायचं. बाकी कुणाला दिसायची गरज वाटत नव्हती.

ऑफिसात तिला सगळे 'यूपी' म्हणायचे. चार अक्षरांचं नाव, पण या लोकांच्या जिभेला जड. पूर्व युरोपातल्या खेळाडूंची चौदा अक्षरी आडनावं मात्र सुरसुर म्हणायचे. रूफसने पहिल्या दिवशी तीनदा विचारून घेतलं आणि चौथ्यांदा बरोबर म्हणाला, "उ-पा-स-ना." तेव्हापासून दर मंगळवारी सकाळी तो तिच्या खोलीत यायचा, स्वतःच्या चुकांचा व्हिडिओ मागायचा आणि वहीत टिपून घ्यायचा. अकरा वर्षं खेळलेला माणूस वही घेऊन येतो! डँटेला वही म्हणजे काय हे तरी माहीत होतं की नाही, देव जाणे.

मार्चमधल्या एका मंगळवारी तो आला तो गुडघ्यांना बर्फाच्या पिशव्या बांधून. वय तेहेतीस. कॉन्ट्रॅक्ट त्या सीझनला संपत होतं.

"उपासना, पुढच्या वर्षी ठेवतील का गं मला?" त्याने विचारलं.

"मला कोण सांगतंय?" ती त्याच्याकडे न बघता म्हणाली.

"एकच वर्ष हवंय. मग मी आपण होऊन थांबेन. इथे, या लाकडावर उभा राहून, लोकांना हात करून. मला फोनवरून रिटायर व्हायचं नाही. बाकावर माझ्या शेजारी बसायचा तो मार्कस फोनवरून झाला. मुलीला डेंटिस्टकडे नेत होता, गाडीत फोन आला. पार्किंग लॉटमध्ये अर्धा तास बसून राहिला म्हणे. मुलगी विचारतेय, डॅडी, आपण आत का जात नाही?"

 उपासनाने त्याच्या चुकांचा व्हिडिओ लावून दिला. त्या आठवड्यात चारच चुका होत्या.

आता यशोधन. त्याच्याशिवाय ही गोष्ट घडलीच नसती. यशोधन हा हेरन्सचा आकडेवारीचा प्रमुख, आणि उपासनाचाही साहेब. पुण्याचा. सहा वर्षांपूर्वी त्याने एक प्रोग्रॅम लिहिला. हा प्रोग्रॅम प्रत्येक खेळाडूला शंभरपैकी मार्क द्यायचा, आणि त्या मार्कांना नाव होतं 'मेरिट स्कोअर'. कुणाला ठेवायचं, कुणाला नारळ द्यायचा, सगळं त्या मार्कांवर ठरायचं. "आकड्याला जात नसते," हे यशोधनचं आवडतं वाक्य. मंडळाच्या गणपतीत त्याने 'मेरिटचं गणित' या विषयावर भाषणही ठोकलं होतं आणि मोदकांच्या रांगेतल्या काकूंकडून टाळ्याही घेतल्या होत्या. स्वतः इंजिनीअरिंगला मॅनेजमेंट कोट्यातून घुसला होता, हे तोच एका पार्टीत हसत हसत सांगून गेला होता. पण तो कोटा म्हणजे कोटा नव्हे बरं का! नाकाने कांदे सोलावेत तर यानेच.

उपासना रुजू झाली त्या दिवशी त्याने तिचं आडनाव विचारलं, ऐकून क्षणभर थांबला आणि म्हणाला, "मी तसलं काही मानत नाही हं." न मानणाऱ्यांना पहिल्याच दिवशी आडनाव का लागतं, हे कोडं उपासनाला शाळेपासून सुटलेलं नाही.

त्या मंगळवारच्या आदल्या सोमवारी तिला पहिल्यांदाच मोठ्या मीटिंगला बोलावलं होतं, कारण गुरुवारी टिलमनचा निकाल लागायचा होता आणि त्याचे व्हिडिओ तिच्याकडे होते. टेबलाशी जनरल मॅनेजर लिंडा, कोच हॅनिगन, दोन-तीन सूटवाले. यशोधनने पडद्यावर यादी लावली. टिलमन, शंभरपैकी चौतीस. खालून तिसरा.

"यात राखीव करेक्शन धरलंय ना?" एका सूटवाल्याने गंभीरपणे विचारलं.

उपासनाला वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. पण पुढच्याच स्लाइडवर इंग्रजी अक्षरांत लखलखीत लिहिलेलं होतं, 'राखीव करेक्शन'.

"अर्थात," यशोधन म्हणाला.

"राखीव आम्हाला कॉलेजात होता," लिंडा मान डोलावत म्हणाली. "मोठा माणूस. रशियन ना?"

"युक्रेनचा, बहुतेक," दुसरा सूटवाला म्हणाला.

यशोधनने नुसतं स्मित केलं. हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची! उपासनाला कॉफीचा ठसका लागला आणि ती बाहेर पळाली.

मीटिंग संपल्यावर तिने त्याला केबिनमध्ये गाठलं. "यशोधन सर, हे राखीव काय आहे?"

तो खो खो हसला. "अगं, पहिल्या वर्षी घाईत कोड लिहिला. बेंचवरच्या प्लेअर्सना काय नाव द्यावं? शाळेत नाही का आपण म्हणायचो, राखीव खेळाडू! तेच टाकलं. मग यांनी डॉक्युमेंटमध्ये वाचलं आणि स्वतःच थिअरी करून टाकली. मी कशाला यांचं मन मोडू?"

"आणि करेक्शन?"

"गुणिले झीरो पॉइंट फाइव्ह. जो सुरुवातीच्या पाचांत नाही, त्याच्या त्या मॅचमधल्या सगळ्या कामाला अर्धे मार्क. बेंचवरचे बेंचवरच्यांशीच खेळतात गं, त्यांना सोपं पडतं."

"पण रूफस शेवटची पाच मिनिटं त्यांच्या बेस्ट पाचांशी खेळतो."

"असेल. पण आला कुठून? राखीवमधूनच ना? राखीवमधून आलेला कितीही उड्या मारू दे, शेवटी..." आणि तो एकदम थांबला. चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, डोळे मात्र इकडेतिकडे फिरायला लागले. "तुला नाही म्हणत हं मी. तुझं वेगळं आहे. तू तर खरंच हुशार आहेस."

तिच्या कानशिलांत रक्त चढलं. ती आपल्या जागेवर येऊन बसली. अर्ध्याने गुणणं तिला नवीन थोडंच होतं! बारावीला कॉलेजात पहिली आली तेव्हा सरांनी टाळ्या वाजवता वाजवता विचारलं होतं, "राखीवमधून पहिली ना?" इंजिनीअरिंगला चारही वर्षं प्रत्येक निकालानंतर कुणीतरी तिच्या ॲडमिशनचा कटऑफ काढायचंच. पेपर तोच, प्रश्न तेच, तपासणारा तोच. उत्तर मात्र तिचं असलं की निम्मं. सात समुद्र ओलांडून आली, तर तो गुणाकार तिच्या आधी येऊन कोडमध्ये मांडी घालून बसलेला. आणि सहा वर्षांत कुणा गोऱ्याला पत्ता लागला नाही, कारण त्यांना तो युक्रेनचा विद्वान वाटला!

मंगळवारी रूफस बर्फ बांधून येऊन गेला, त्यानंतर तिने प्रोग्रॅमची एक कॉपी घेतली, ती ओळ काढली आणि चालवला. चौतीसचे अडुसष्ट झाले. डँटेच्या खाली दुसरा. तिने पुन्हा चालवला, पुन्हा अडुसष्ट. मग तिने जुने सीझन चालवले. सहा वर्षांत बाकावरच्या चौघांना याच मार्कांवर घरी पाठवलं होतं. ओळ काढली, की चौघेही राहत होते. त्यांतला एक मार्कस, डेंटिस्टच्या पार्किंगमधला.

बुधवारी ती सगळं घेऊन यशोधनकडे गेली. त्याने बघितलं, हनुवटी खाजवली आणि दार लावून घेतलं.

"मुद्दा बरोबर आहे तुझा. समरमध्ये शांतपणे फिक्स करू. आत्ता काढलं तर सहा वर्षांचे निर्णय उकरतील. कुणाच्या फायद्याचं आहे ते?"

"रूफसच्या."

"त्याचं काय, तेहेतीस वर्षांचा म्हातारा! आणि तुझं बघ जरा. ग्रीन कार्डच्या फाइलला माझं पत्र जायचंय ना? लिहून ठेवलंय मी." त्याने कागद तिच्यापुढे सरकवला, सही करायची जागा तेवढी रिकामी. "काय लिहिलंय बघ. 'डिपेंडेबल.' भरवशाची. शुक्रवारी सही करतो. उद्या उगाच तोंड उघडू नकोस, काय?"

साखरेत घोळलेली धमकी ती! उपासनाने मान हलवली आणि बाहेर आली. खोटं कशाला बोला, ती घाबरली. नऊ वर्षं या देशात, आणि सगळं त्या एका कागदावर. रूफस आपला कोण? दर मंगळवारी वही घेऊन येणारा एक उंच माणूस. तिने ठरवलं, गुरुवारी व्हिडिओ दाखवायचा आणि गप्प बसायचं.

पण व्हिडिओ तर निवडायलाच हवा होता. तिने गेल्याच आठवड्यातला एक तुकडा लावला. शेवटची दोन मिनिटं, मॅच बरोबरीत. डँटेच्या मागे सव्वाशे किलोचा माणूस धावत येतोय. मध्ये रूफस. असा क्षण तिने शंभरदा पाहिला असेल, पण दर वेळी डँटेच्या बाजूने. या वेळी तिने पडद्यावर रूफसचा चेहरा मोठा केला. त्याला दिसतंय. येतोय, लागणार, जोरात लागणार, हे सगळं त्याला दिसतंय. तो फक्त श्वास घेतो आणि पाय रोवतो. बाजूला होणं किती सोपं होतं! एक पाऊल, बस. कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

उपासनाने तो तुकडा चार वेळा बघितला. तिला स्वतःचीच लाज वाटली. भीती काही गेली नाही, पण तिने अडुसष्टचा कागद बॅगेत टाकला.

गुरुवारी मीटिंग भरली. पडद्यावर चौतीस.

"वाईट वाटतं," लिंडा म्हणाली, पण तसं दिसत नव्हतं. "भरवशाचा माणूस. पण राखीव करेक्शननंतर हे असं दिसतंय म्हटल्यावर..."

"राखीव नावाचा कुणी माणूस नाही," उपासना म्हणाली.

सगळ्यांनी मान वळवली. टेबलाच्या पलीकडून यशोधन तिच्याकडे बघत होता. डोळ्यांत पत्र, सही, शुक्रवार, सगळं. धक्का येताना दिसत होता. ती हलली नाही.

"तो आमच्या भाषेतला एक शब्द आहे. अर्थ, बाकावरचा. या प्रोग्रॅममध्ये एकच ओळ आहे. जो सुरुवातीला आत नव्हता, त्याने नंतर काहीही केलं, कुणाशीही खेळला, तरी मार्क अर्धे. बस्स, एवढीच थिअरी. युक्रेन नाही, रशिया नाही."

कोच हॅनिगनने आधी भुवया वर नेल्या, मग टेबलावर हात आपटून हसायला लागला. "म्हणजे सहा वर्षं मी 'बाकावरचा' या थोर गणितज्ञाचे सिद्धांत ऐकतोय?"

सूटवाले आपापल्या फोनमध्ये शिरले. कॉलेजात राखीव शिकलेल्या लिंडाचे कान लाल झाले. ती यशोधनकडे वळली. "खरं आहे हे?"

"टेक्निकली... नाव लोकलाइज्ड होतं, पण त्यामागचं लॉजिक..."

"ती ओळ काढा. आत्ता. इथेच."

यशोधनला मोठ्या पडद्यावर, सगळ्यांसमोर, ती ओळ शोधावी लागली. एक एक अक्षर मागे पुसत गेला. मग बटण दाबलं. यादी हलली, आणि टिलमनचं नाव खालून उठून वर चढत चढत डँटेच्या खाली जाऊन थांबलं. अडुसष्ट.

"मला हे माहीत होतं," हॅनिगन म्हणाला. "आकड्यालाच उशीर झाला. एक वर्ष द्या त्याला. आणि फोन नको, मी स्वतः खाली जाऊन सांगतो." लिंडाने मान हलवली तसा तो उठून गेलाही.

"अशाच आणखी चौघांना सहा वर्षांत..." उपासनाने दुसरा कागद काढला.

लिंडाने घड्याळ बघितलं. "छान काम केलंस, यूपी. तो विषय पुढे कधीतरी. नेक्स्ट?" हात्तिच्या! चार माणसांच्या आयुष्याला यांच्याकडे 'नेक्स्ट'.

कॉरिडॉरच्या काचेतून खालचं कोर्ट दिसत होतं. हॅनिगन रूफसला काहीतरी सांगत होता. रूफस कमरेवर हात ठेवून, मान खाली घालून ऐकत होता. मग तो तिथेच त्या लाकडावर खाली बसला आणि त्याने टॉवेलमध्ये तोंड लपवलं. उपासनाचेही डोळे भरून आले.

"झालं समाधान?" मागे यशोधन उभा होता. आता मराठीत, म्हणजे मनातलं. "चार लोकांत माझी इज्जत काढलीस. मराठी माणूसच मराठी माणसाचे पाय ओढणार, दुसरं कोण? खेकडे आपण, खेकडे!"

"मी काय खोटं बोलले, सर?"

"पत्राचं आता बघावं लागेल मला. डिपेंडेबल लिहिलं होतं तुला, डिपेंडेबल! केवढा विश्वास टाकला होता." त्याने कपाळावर हात मारला. "भरवशाच्या म्हशीला टोणगा!"

उपासनाने डोळे पुसले आणि त्याच्याकडे सरळ बघितलं.

"टोणगा तर टोणगा, सर," ती म्हणाली. "पण मोजताना अख्खा मोजा. अर्धा नाही."